मूस नसलेली भट्टी

विट्याच्या आसपासची किती तरी माणसे गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. सोने १०६४ अंशांना वितळते, आणि ती आच सोसणारी मूस मिळते. पण १५ कोटी अंशांवर तापलेला वायू कोणत्या मुशीत ठेवाल? तशी मूस जगात नाही.

एवढी आच कशाला? सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळतात आणि त्यातून उष्णता निघते. तीच चूल इथे पेटवून वीज करायची. वीस वर्षांत हे साधेल, असे मुंबईचे डॉ. होमी भाभा १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेत म्हणाले होते. ते अजून साधायचेच आहे.

मुशीऐवजी लोहचुंबक वापरतात. एवढ्या आचेत वायूच्या कणांवर विजेचा भार असतो. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. भार असलेला कण चुंबकाच्या कह्यात राहतो, भिंतीला शिवत नाही. आधी या वायूतूनच वीज खेळवतात. शेगडीच्या तारेसारखा तो तापतो. पण तापेल तसा त्याचा विजेला विरोध कमी होतो, आणि आच हवी तशी वाढत नाही. मग बाहेरून कढत कण घालायचे. घंगाळातल्या कोमट पाण्यात आपण कढत पाणी ओततो ना, तसंच.

अडचण इथंच आहे. चुंबकाचे कुंपण बाहेरून येणाऱ्या भारी कणांनाही अडवते. बिनभाराचे कण आत जातील, पण त्यांना विजेने पळवता येत नाही.

यावरची युक्ती आम्हांला फार आवडते. कणांना आधी भार द्यायचा आणि विजेच्या जोराने पळवायचे. मग वाटेत साध्या वायूतून नेऊन भार उतरवायचा. वेग तसाच राहतो! कण कुंपणातून सरळ आत शिरतात. आत धडका बसल्या, की पुन्हा भार चढतो. मग बाहेरची वाट बंद. धडका देत देत ते आपली उष्णता वाटून टाकतात.

इंग्लंडच्या ‘जेट’ भट्टीत असेच झोत वापरले. १९९७ साली तिथे २४ मेगावॅट उष्णता घालून १६ मिळाली. धंदा तोट्याचाच झाला. फ्रान्समध्ये भारतासह अनेक देश मिळून ‘ईटर’ ही मोठी भट्टी बांधीत आहेत. तिथे ५० घालून ५०० मिळवायचा बेत आहे. तिथला एक झोत भारताने करून द्यायचा आहे. तो मात्र तापवायला नव्हे, भट्टीत राख किती साठली ते पाहायला.