वेल्हे : खोऱ्यांचा मुलूख

राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांमुळे वेल्हे हे नाव महाराष्ट्रात सर्वत्र ठाऊक असले, तरी ज्या मुलखाने हे किल्ले पेलले त्याची ओळख बहुधा किल्ल्यांच्या पायथ्याशीच थांबते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याला टेकून वसलेला हा तालुका जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा असून 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 54 हजारांच्या आसपास होती. आकाराने लहान असलेल्या या भूभागाला स्वतःची नदीव्यवस्था, स्वतःची शेतीपद्धती आणि शतकानुशतकांची समाजरचना आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे केवळ एक तालुका म्हणून न पाहता एक छोटा मुलूख म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

या मुलखाचे मूळ एकक गाव नसून खोरे आहे. खोरे म्हणजे दोन डोंगररांगांमधून वाहणाऱ्या एका नदीचा पट्टा, आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील अशा खोऱ्यांनाच इतिहासात मावळ म्हटले गेले. पुण्याच्या परिसरातील ज्या बारा मावळांचा उल्लेख वारंवार येतो, त्यांपैकी कानंदी नदीचे कानद खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ आणि मोसे नदीचे मोसे खोरे यांचा वेल्ह्याशी थेट संबंध आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा तुटून खाली महाडचा प्रदेश लागतो, आणि मढे घाट व उपांड्या घाट या जुन्या वाटांनी कोकणाशी व्यवहार चालत असे. पूर्वेकडे नसरापूरवरून विंझर, मार्गासनी या गावांमधून येणारा रस्ता आणि उत्तरेकडील पाबे घाट हे वेल्ह्यात येण्याचे आजचे मुख्य मार्ग आहेत.

प्रत्येक खोऱ्याचा कारभार वतनदार देशमुखाकडे असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्यासोबतचे उत्पन्न. सारा गोळा करणे, गावे वसवणे आणि प्रसंगी माणसे जमवून लढणे ही देशमुखाची कर्तव्ये मानली जात. कानद खोऱ्यात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर आणि शेजारच्या हिरडस मावळात बांदल ही घराणी या पदावर होती. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा उभा राहिला, की गोतसभा भरत असे. तिच्यात वतनदारांबरोबर पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदारही बसत आणि निवाडा झाल्यावर त्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसह लिहिलेला निर्णयलेख, तयार होई. दूरच्या एका उदाहरणाशी हे ताडून पाहता येते: उत्तर युरोपात अटलांटिक महासागरातील फेरो बेटे हा सुमारे 1,400 चौरस किलोमीटरचा, जवळपास वेल्ह्याइतक्याच लोकसंख्येचा छोटा देश डेन्मार्कच्या राजछत्राखाली असूनही आपली भाषा आणि मध्ययुगात मूळ असलेली लोकसभा टिकवून आहे. तिथल्या स्वायत्ततेची आणि इथल्या वतनदारीची जातकुळी वेगळी असली, तरी दुर्गम भूभागातील थोडी माणसे आपसांतले प्रश्न एकत्र बसून सोडवण्याची रीत निर्माण करतात, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

शिवाजी महाराजांनी स्वराज्याची उभारणी केली ती याच रचनेच्या आधाराने. तोरणा त्यांच्या हाती सुरुवातीच्या काळातच आला, आणि समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, जो रायगडापूर्वी सुमारे 25 वर्षे राजधानी होता. महाराजांच्या पत्नी सईबाईंचे निधन 1659 मध्ये आणि पुत्र राजाराम महाराजांचा जन्म 1670 मध्ये याच गडावर झाला. 1666 मध्ये आग्र्याहून सुटलेले महाराज परतले तेही राजगडावरच. गडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांपैकी, म्हणजे डोंगराच्या तटबंद सोंडांपैकी, संजीवनी माचीवरचे बांधकाम विशेष निरखण्याजोगे आहे. तिथे बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचे चिलखत घातले असून दोहोंच्या मधल्या अरुंद, अंधाऱ्या फटीत पायऱ्यांनी उतरावे लागते. बाहेरची भिंत ढासळली तरी आतली उभी राहावी, हा त्यामागचा हेतू होता. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राजगडाचा समावेश आहे.

पुढे हा प्रदेश पंतसचिव या पदावरील घराण्याच्या भोर संस्थानात आला. सुमारे 925 चौरस मैलांच्या या संस्थानात राजगड, प्रचंडगड म्हणजेच तोरणा, आणि विचित्रगड म्हणजेच रोहिडा अशी किल्ल्यांचीच नावे तालुक्यांना दिलेली होती. 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले. 2024 मध्ये राज्य शासनाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एका अर्थी संस्थानकाळातील जुनेच नाव परत आले.

इथल्या माणसाचे वर्ष मात्र भाताभोवती फिरते. उन्हाळ्यात रोपांसाठी राखलेल्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत आणि वर मातीचा पातळ थर देऊन तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आच सावकाश पुढे सरकते, तणाचे बी जळते आणि राख खताचे काम करते; यालाच राब भाजणे म्हणतात. पावसाला सुरुवात झाली की त्यात बी पडते, आणि रोपे तयार होताच बांध घातलेल्या खाचरांत चिखलणी करून भरपावसात लावणी चालते. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पिकते, तर डोंगरमाथ्यावरचे धनगरवाडे जनावरांवर आणि दुधावर जगतात. एका पिकावर वर्ष निभत नसल्याने घरटी कोणीतरी पुण्या-मुंबईत कामाला असणे ही इथली जुनी रीत आहे.

या मुलखाने दुसऱ्यांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट पाणी ही आहे. आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव ही धरणे पुणे शहराची तहान भागवतात, तर धानेप येथे अडवलेल्या गुंजवणीचे पाणी खालच्या तालुक्यांच्या शेतीसाठी आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हाचा पुण्यातील हाहाकार सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु या जलाशयांखाली मोसे आणि आंबी खोऱ्यांतील गावे व भातखाचरे गेली, याची आठवण शहराने तितक्या आस्थेने ठेवलेली नाही. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे, आणि ज्या खोऱ्याचे ते देशमुख होते तेच त्या पाण्याखाली विसावले आहे.

म्हणून राजगड किंवा तोरणा चढणाऱ्याने उतरताना घाई न करता पायथ्याची खोरीही पाहावीत. पाबे घाटाच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो: उत्तरेकडचे पाणी मुठेला मिळून पुण्यात शिरते, दक्षिणेकडचे कानंदी आणि गुंजवणीमार्गे नीरेत जाते, आणि शेकडो गावांना भिजवून ही दोन्ही पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेच्या पात्रात पुन्हा एक होतात.