सिंहासनाचे साल आणि शिवाराचे साल
लेखमाला : कालगणनेचे राजकारण (लेखांक 6)

मागील लेखांकात जपानच्या सम्राटांची आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या सालांची ओळख करून घेतली. 1868 साली तिथे 'एक राजवट, एक सालनाम' असा नियम झाला आणि तेव्हापासून मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ अशी नावे आली. 1 मे 2019 पासून नारुहितो यांचे रेइवा सुरू आहे. त्याआधी एकेका सम्राटाच्या काळातही भूकंप, आग, रोगराई किंवा शुभशकुन यांवरून नाव पालटत असे. मेइजींचे वडील कोमेइ यांच्या वीस वर्षांच्या राजवटीत सात सालनामे झाली. ही परंपरा इतकी चिवट कशी राहिली, या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर 'राजघराणे अखंड राहिले म्हणून' असे दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे, असे मला वाटते. साल कोणाच्या नावाने सुरू झाले यापेक्षा ते रोजच्या कोणत्या कागदावर चढले, यावर त्याचे आयुष्य ठरते. याचा भक्कम पुरावा आपल्या दख्खनेत, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरसारख्या गावांच्या महसुली कागदांत सापडतो.

राजाने स्वतःचे साल सुरू करण्याचे प्रयोग आपल्याकडे कमी झालेले नाहीत. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य 1076 साली गादीवर आला आणि त्याने शककाल बाजूला सारून स्वतःचा चालुक्य विक्रम संवत चालवला. त्याचे राज्य मोठे, राजवट जवळजवळ पन्नास वर्षांची आणि शिलालेख उदंड; तरी त्याच्यानंतर हे साल हळूहळू मागे पडले आणि लोक शकाकडे परतले. अकबराने 1584 साली इलाही सन काढला, तोही पुढे टिकला नाही. 1674 साली, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके 1596 रोजी, रायगडावर शिवछत्रपतींनी राज्याभिषेक शक सुरू केला. स्वतंत्र सार्वभौमत्वाची इतकी स्पष्ट घोषणा दुसरी नाही. तरीही हा शक मुख्यतः छत्रपतींच्या सनदांवर राहिला, आणि पेशव्यांच्या दफ्तरात वसुलीचे व्यवहार शुहूर सनाने होत राहिले.

यावर आक्षेप येईल की मराठी सत्ता 1818 साली संपली, म्हणून तिचा शक संपला. यात कागदाचा काय संबंध? पण अठराव्या शतकाच्या मध्यावर, मराठी सत्ता ऐन भरात असतानाही पुण्याचा कारकून शुहूर सनच लिहीत होता. ज्या दिल्लीच्या सुलतानीत तो सन सुरू झाला, ती केव्हाच लयाला गेली होती. तो टिकला कारण त्याचे वर्ष सौर होते, मृग नक्षत्राला सुरू होई आणि म्हणून त्याला मृगसालही म्हणत. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचे. ते दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. हिजरी महिन्यात सारा ठरवला तर काही वर्षांनी पीक उभे राहण्याआधीच वसुलीची तारीख उजाडणार. फसली सनाचा जन्मही याच अडचणीतून झाला. अकबराच्या काळी उत्तरेत सुरू झालेली ही पद्धत शाहजहानच्या काळात दख्खनेत आली. हिजरीचा आकडा घेऊन पुढची मोजणी सौर वर्षाने करायची, एवढीच तिची युक्ती.

आज बोथ मतदारसंघात असलेले बाजारहत्नूर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे राजाचे साल आणि पिकाचे साल एकाच वेळी चालत. आसफजाही नाण्यांवर हिजरी सनाबरोबर जुलूस, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचे वर्ष, कोरलेले असे. महसूल मात्र फसलीत. ऑक्टोबरात आजूर महिन्याने हे वर्ष सुरू होई. पुढे दै, बहमन, अस्फंदार असे महिने येत. हैदराबादचा जमीन महसूल कायदासुद्धा 1317 फसलीचा म्हणूनच ओळखला जातो. 1911 साली निजाम महबूब अली खान गेले आणि गादीवर उस्मान अली खान आले. जुलूसचे वर्ष पुन्हा एकपासून सुरू झाले, पण फसलीचा आकडा आपल्या गतीने पुढे गेला. 1320 फसलीत जन्मलेला माणूस 1357 फसलीत सदतीस वर्षांचा, हे साध्या वजाबाकीने कळते. त्याच अवधीत जपानमध्ये मेइजी 44 पासून शोवा 23 पर्यंत जायचे तर मध्ये ताइशो कधी लागला, कधी संपला हे पाठ असावे लागते. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली, जुलूस नाणेसंग्राहकांपुरता उरला. फसली मात्र थांबला नाही. तेलंगणात जमिनीच्या हक्कासाठी आजही आधारभूत मानली जाणारी 1954-55 ची खासरा पहाणी, म्हणजे शेतजमिनीची नोंद, 1364 फसलीची आहे.

मग शालिवाहन शकाचे काय? तो तर राजाच्या नावाचा आहे आणि जवळपास दोन हजार वर्षे टिकला. पण त्याला शालिवाहनाचे नाव खूप नंतर चिकटले; इ.स. 78 चा हा काल कोणी सुरू केला यावर विद्वानांत आजही वाद आहे. संस्थापकाचा पत्ता नसतानाही तो जगला, कारण पंचांगकर्त्याच्या गणितात आणि लग्नमुंजीच्या मुहूर्तात तो बसला होता. जपानचा दाखलाही तपासला तर माझ्याच बाजूचा निघतो. महायुद्धानंतर, 1947 च्या राजघराण्याविषयीच्या नव्या कायद्यात सालनामाची तरतूद उरली नाही. सिंहासन होते, सम्राट होते, पण सालनामाला कायद्याचा आधार नव्हता. 1950 मध्ये ते रद्द करण्याची चर्चाही तिथल्या संसदेत झाली. तरीही जन्मनोंद, शाळेचा दाखला, परवाना यांवर लोक शोवा वर्ष लिहीत राहिले, आणि 1979 साली कायद्याला त्या वापरामागून यावे लागले.

राज्याभिषेक शकाचे मोल यामुळे कमी होत नाही. ते स्वातंत्र्याच्या घोषणेचे मोल आहे आणि इतिहासात ते अढळ आहे. पण लोकांच्या हातात राहिलेले साल वेगळे, आणि ते समजले नाही तर आपलेच कागद आपल्याला परके होतात. बाजारहत्नूर, बोथ, इचोडा या भागातल्या मराठी घरांत जुन्या पावत्या, पट्टे, पहाणीच्या नकला असतील, तर त्या फेकू नका. फसली सनात 590 मिळवा, म्हणजे ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झाले ते कळेल. 1350 फसली म्हणजे 1940-41. कागदाला हात न लावता वेगळ्या चिठ्ठीवर दोन्ही साले लिहून ती सोबत ठेवा, आणि घरातल्या शाळकरी मुलांना हा हिशेब एकदा करायला लावा.