खोक्याचा भुसा खुराड्यात नको

‘कंपनीतून पोतंभर भुसा आणलाय. लाकूडच ते, त्यात वाईट काय असणार?’ भोसरी, मोशी, निघोजे, महाळुंगे, कुठेही जा. परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्याला अंडी घालायच्या पेटीत काय टाकता असं विचारलं की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. भुसा फुकट मिळतो, दिसायला स्वच्छ असतो, मऊ लागतो. त्यामुळे कितीही समजावलं तरी गळी उतरत नाही. म्हणून एकदा नीट मांडतो.

आधी हा भुसा येतो कुठून ते पाहू. चाकण पट्ट्यात यंत्रं आणि सुटे भाग लाकडी खोक्यांतून, पॅलेटवरून येतात-जातात. ती खोकी बनवणारे, मोडलेली पॅलेट दुरुस्त करणारे कारखाने इथेच आहेत. करवतीखाली पाइनच्या फळ्या जातात, तसंच प्लायवूड जातं, एमडीएफ जातं, जुन्या पॅलेटचे तुकडेही जातात. सगळ्यांचा भुसा खाली एकाच ढिगात पडतो. प्लायवूड आणि एमडीएफ चिकटवायला फॉर्माल्डिहाइडचा गोंद वापरतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. जुन्या पॅलेटमध्ये काय मुरलं असेल ते पॅलेटकडे बघूनही कळतं: कूलंटचे डाग, ग्रीस, रंगाचे ओघळ. फळी कापली म्हणून तेल नाहीसं होत नाही, ते भुशात उतरतं.

इथे हुशार माणसं शिक्क्याचा मुद्दा काढतात. ‘पॅलेटवर एचटी लिहिलेलं असतं, म्हणजे औषध मारलेलं नाही.’ यातलं अर्धं खरं आहे. लाकडातली कीड देशोदेशी पसरू नये म्हणून २००२ मध्ये आयएसपीएम-१५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. निर्यातीच्या लाकडी खोक्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची अक्षरं असतात ती त्यामुळेच. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं दिली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली. एचटीचा शिक्का एवढंच सांगतो की कीड मारण्यासाठी धुरी दिली नाही, उष्णता दिली. त्यानंतर त्या पॅलेटवर कशाचे डबे ठेवले, काय सांडलं, ते पावसात किती महिने पडून राहिलं, याबद्दल शिक्का काहीही सांगत नाही.

याहून घातक समज म्हणजे ‘शिक्काच नाही, म्हणजे साधं लाकूड’. अहो, प्लायवूडला या मानकातून सूटच आहे! ते बनतानाच गोंद, उष्णता आणि दाब यांतून जातं, कीड उरत नाही, म्हणून शिक्क्याची गरज पडत नाही. म्हणजे ज्या खोक्यात गोंद सर्वांत जास्त, नेमकं तेच बिनशिक्क्याचं असू शकतं.

‘पण कोंबडी कुठे भुसा खाते? अंड्याला काय होणार?’ शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालं आहे. १९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डच संशोधकांनी अंड्यांना आणि कोंबडीच्या मांसाला येणाऱ्या कुबट चवीचं मूळ दाखवून दिलं. ते होतं टेट्राक्लोरोॲनिसोल नावाचं रसायन. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ते सूक्ष्मजीवांकडून कसं तयार होतं ते मांडलं. लाकूड टिकावं म्हणून त्याला क्लोरोफिनॉल वर्गातली औषधं लावत. त्या लाकडाचे छिलके कोंबड्यांखाली अंथरले, ते दमट झाले, त्यांवर बुरशी आली आणि त्या बुरशीने औषधाचं रूपांतर या कुबट वासाच्या रसायनात केलं. कोंबड्यांवाटे ते मांसात आणि अंड्यात पोचलं. अत्यल्प प्रमाणातही ते जिभेला जाणवतं. त्या औषधांपैकी पेंटाक्लोरोफिनॉलवर २०१५ मध्ये स्टॉकहोम करारानुसार जागतिक बंधनं आली, हे बरंच झालं. पण आपला मुद्दा त्या एका औषधाचा नाही. खाली अंथरलेलं अंड्यापर्यंत पोचतं, हे यातून सिद्ध झालं आहे.

अंड्याच्या बाजूने पाहिलं तर पेटीतल्या पहिल्या काही मिनिटांचं महत्त्व लक्षात येतं. अंडं बाहेर येतं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं, म्हणजे ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. कवचावरचा संरक्षक लेप अजून ओला असतो, कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. अंडं निवायला लागलं की आतलं द्रव्य आकसतं आणि छिद्रांतून हवा आत ओढली जाते. उकडलेलं अंडं सोलताना बोथट टोकाला जो खळगा दिसतो, ती ही ओढलेली हवा. त्या क्षणी अंडं ओल्या, घाणेरड्या भुशात टेकलेलं असेल तर हवेबरोबर जंतूही आत शिरू शकतात. नंतर कितीही धुतलं तरी आत गेलेलं निघत नाही. उलट गार पाण्याने धुतल्यावर अंडं आणखी आकसतं, आणि वरचा लेपही जातो.

शिवाय करवतीचा भुसा पिठासारखा बारीक असतो. कोंबडी पेटीत बसण्याआधी पायांनी उकरते, खळगा करते, तेव्हा तो उडतो. पक्ष्याची फुप्फुसं शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेली असतात, त्यामुळे धूळ खोलवर जाते. भुसा दमट असेल तर त्याबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणूही जातात, आणि पिल्लं याने दगावू शकतात. सुताराकडे अख्ख्या लाकडावर रंधा मारून निघालेले मोठे, कोरडे छिलके मिळाले तर खुशाल वापरा. प्लाय, सनमायका आणि पॉलिशचं काम चालणाऱ्या फर्निचरवाल्याकडचे मात्र नकोत.

बाकीचे समज थोडक्यात. वर्तमानपत्राचा कागद निसरडा असतो आणि ओलावा लागला की लगदा होतो. कडुनिंबाच्या पाल्याने लाल माइट मरत नाही. तो दिवसा पेटीच्या फटीत दडतो आणि रात्री कोंबडीचं रक्त पितो, म्हणून अंथरूण बदलून भागत नाही, फटी घासाव्या लागतात. हिरवा पाला तर ओल वाढवतो. चुना कोंबड्यांच्या गादीत जाणकार वापरतात, पण अंड्याच्या पेटीत नको, ओल्या त्वचेला तो भाजतो. चाकण बाजारातली कांद्याची टरफलं ढिगाने मिळतात म्हणून टाकू नयेत, कांद्यातली गंधकाची संयुगं पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतात. उसाची चिपाडं ओल शोषतात खरी, पण त्यांतल्या उरल्यासुरल्या साखरेवर बुरशी लवकर धरते. आणि ‘अंथरूण चांगलं असलं की अंडी स्वच्छच राहतात’ हेही खरं नाही. पेटी बसायच्या दांडीपेक्षा उंच असेल तर कोंबड्या रात्री पेटीतच झोपतात आणि झोपेत तिथेच विष्ठा टाकतात. अशा वेळी पेटी खाली आणा.

मग घालायचं काय? उत्तर आपल्या शेजारीच आहे. मावळात भात पिकतो. इंद्रायणी हा वाणच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला. तिथल्या गिरणीतून भाताचं तूस मिळतं, शेतकऱ्याकडून पेंढा मिळतो. साधारण फूटभर लांबी-रुंदीची पेटी घ्या, चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. तळाला दोन बोटं तूस आणि त्यावर विळ्याने वीतभर तोडलेला पेंढा घाला, दोन्ही मिळून चार-पाच इंच भरायला हवं. तूस हलकं असतं, ओल धरून ठेवत नाही आणि पटकन वाळतं, पण कोंबड्या ते पायांनी बाहेर फेकतात. म्हणून पेटीच्या तोंडाशी चार इंचांची पट्टी ठोका. पेंढ्यामुळे अंडं तळाच्या फळीवर आपटत नाही. एखादं अंडं फुटलं किंवा विष्ठा दिसली की तेवढा भाग लगेच उचला, उद्यावर ढकलू नका, कारण फुटकं अंडं खायची चटक लागलेली कोंबडी पुढे चांगली अंडीही फोडते.

पेंढा घ्यायचा तो दिवाळीच्या सुमाराला, भाताची झोडणी होते तेव्हा. वर्षभराचा एकदमच घ्या आणि जमिनीपासून वर, फळीवर, छपराखाली रचा. मावळ-चाकणच्या पावसात जुलै-ऑगस्टला कोरडा पेंढा मिळणं कठीण, आणि लोक कंपनीतल्या पोत्याकडे वळतात ते नेमके तेव्हाच. पेटीत घालण्याआधी मूठभर पेंढा नाकाशी धरा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर तो पेंढा खताच्या खड्ड्यात टाका.