लिनक्स घरी-दारी, लेखांक ९ : एक कीबोर्ड, तीन भाषा

मिंट आणि फेडोराची तुलना या आठवड्यात करायची ठरली होती. ती पुढे ढकलतो, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि असा प्रश्न सोलापूरकरालाच पडू शकतो. घरात तेलुगू. दुकानाचा हिशेब आणि पत्रव्यवहार मराठीत. गिऱ्हाईक बरंचसं अक्कलकोट आणि त्याच्या पलीकडचं, म्हणून टॉवेल-चादरींच्या दरांचे तक्ते कन्नडमध्येही काढायचे. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, जुन्या संगणकावर ११ चढत नाही. ते विचारतात, ‘लिनक्स टाकायची तयारी आहे, पण तीन भाषांचं टायपिंग तीनदा शिकावं लागेल का?’

नाही. एकदाच शिकायचं आहे, आणि हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे की त्यावर अख्खा लेखांक खर्च करायला मला आनंदच वाटतो.

इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. त्यामागचा विचार फार सुंदर आहे. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच मांडणीची आहे. मग ‘क’ची कळ सगळीकडे एकच का नसावी? म्हणून ती एकच ठेवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि क-ख, त-थ, प-फ अशा जोड्यांतला दुसरा वर्ण त्याच कळेवर शिफ्ट दाबून.

करून बघा. कीबोर्ड मराठीवर ठेवा आणि एम, ए, एन, ई, एच, टी, जे या कळा ओळीने दाबा. ‘सोलापूर’ उमटेल. आता भाषा कन्नड करा, त्याच सात कळा, त्याच क्रमाने. कन्नड लिपीत सोलापूर. तेलुगू करा, पुन्हा तेच. या दोन्ही भाषांत शेवटचा ‘र’ पूर्ण उच्चारला जातो, तेव्हा त्याचा पाय मोडायचा असेल तर शेवटी डी दाबायची. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे त्यांचे खास स्वर. तेवढ्या दोन मात्रा मराठीवाल्याला नव्याने लक्षात ठेवाव्या लागतात, झेडवर आणि एकच्या डावीकडच्या कळेवर. ‘ळ’ मात्र तिघांचाही आहे आणि तिघांतही शिफ्ट-एनवरच आहे.

हीच शिस्त आत, युनिकोडमध्येही उतरली आहे. प्रत्येक लिपीला १२८ जागांचा एक गट दिलेला आहे आणि शून्यापासून मोजलं तर देवनागरी, तेलुगू, कन्नड या तिन्ही गटांत ‘क’ २१ व्या जागेवर बसतो.

माझा सगळ्यांत लाडका वर्ण शिफ्ट-जेवर आहे. कन्नड आणि तेलुगूत तिथे त्यांचा जुना, कठोर ‘र’ येतो, जो आजच्या लिखाणातून जवळजवळ गेला आहे. देवनागरीत तिथे नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो. युनिकोडच्या तक्त्यात त्याची नोंद आहे ती द्राविडी ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी म्हणून. पण त्याच्या पुढे डी दाबून पाय मोडला आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ दिला की आपला ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’मधला आडवा रफार तयार होतो. कन्नड-तेलुगूच्या शेजारात वाढलेल्या आपल्या शहराला ही कळ शोभून दिसते. मराठी टाइप करणाऱ्या पुष्कळांना ती सापडत नाही आणि मग ते दर्‍याच्या जागी ‘दर्या’ लिहून मोकळे होतात. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर आणि समुद्राचं अंतर आहे.

आता कुणी म्हणेल, इनस्क्रिप्ट विंडोजवरही मिळतो. मिळतो. मग लिनक्सच का? एक तर त्या वाचकांच्या जुन्या संगणकावर लिनक्स चालतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: लिनक्सवर सगळ्या भारतीय भाषांचे कीबोर्ड ‘इन’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. उघडा, वाचा, हवी ती कळ बदला, आणि बदल इतरांच्याही कामाचा असेल तर पाठवून द्या. त्याच फाइलमध्ये ‘कगप’ नावाचा कीबोर्डही आहे. तो कन्नड गणक परिषदेचा, म्हणजे मूळ कर्नाटकातला, इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने चालणारा. पण त्याची मराठी आणि तेलुगू रूपंही तिथे तयार आहेत. ज्यांचा हात इंग्रजीवर बसलेला आहे त्यांनी तो घ्यावा. मी तरी इनस्क्रिप्टच सांगेन, कारण तो एकदा हातात बसला की कीबोर्डकडे बघावं लागत नाही.

तर त्या वाचकांसाठी माझी निवड: डेबियन, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. डेबियनमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून चित्रमय इन्स्टॉलर आला, आणि जोडाक्षरांच्या लिप्यांना इन्स्टॉल करतानाच आपली भाषा दिसण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. फॉन्टसाठी लोहित बसवा. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले हे फॉन्ट मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्हींसाठी आहेत. मग सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या खिडकीत ‘लेआउट’मध्ये जाऊन इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू अशी ओळ लावा आणि भाषा बदलायला एक कळजोडी ठरवा.

इथे एक अडचण आहे, ती सोलापुरात नेमकी आडवी येते. एक्सएफसीई ज्या एक्स११ पद्धतीवर चालतो तिच्यात चालू लेआउटचा क्रमांक ठेवायला दोनच बिट दिलेले आहेत. दोन बिटांत चारच क्रमांक मावतात. इंग्रजी धरून आपल्या चार भाषा बरोबर भरतात आणि उर्दूला जागा उरत नाही. ज्यांच्या दुकानात उर्दूही लागते त्यांनी ही वाट सोडून आयबस वापरावं. ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज बसवलं की मराठी, कन्नड, तेलुगूचे इनस्क्रिप्ट आणि उर्दूचा उच्चारानुसारी कीबोर्ड सगळं एकाच यादीत मिळतं, आणि चाराची मर्यादा राहत नाही. एक्सएफसीईऐवजी ग्नोम डेस्कटॉप घेणाऱ्यांना आयबस वेगळं जोडावं लागत नाही, पण त्या वाचकांच्या संगणकाला ग्नोम जड जाईल.

जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये कशा आणायच्या, हाही त्यांचा प्रश्न होता. तो मोठा आहे, डीटीपीवाल्यांनाही त्यात रस असेल, म्हणून त्याला स्वतंत्र जागा देतो. आधी मिंट आणि फेडोरा, पुढच्या आठवड्यात.