इंग्रजीची उपपदे : आद्याक्षरांपुढचा ‘ॲन’

या आठवड्यात ‘द’ घ्यायचा होता, पण तो पुढे ढकलतो. एका वाचकाने विचारलं आहे, की उपपद उच्चारावरून ठरतं हे मान्य. पण ‘एमएलए’ म्हणजे ‘मेंबर ऑफ द लेजिस्लेटिव्ह असेंब्ली’, आणि ‘मेंबर’ तर व्यंजनाने सुरू होतो. मग ‘ॲन एमएलए’ का? या शंकेला दोन ओळींत वाटेला लावणं बरोबर होणार नाही.

‘ॲन’मधला ‘न’ सोयीसाठी मागाहून चिकटवलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थी ‘आन’ होता, त्याचीच ही दोन्ही रूपं. व्यंजनापुढे बोलता बोलता ‘न’ गळला, स्वरापुढे टिकला. ही गळती बोलणाऱ्याच्या तोंडात झाली. म्हणून आजही उपपदाला शेजार कळतो तो उच्चाराचा, अर्थाचा नाही. ‘एमएलए’ म्हणताना ‘मेंबर’ जिभेवर येतच नाही, तिथे ‘ए’ येतो. उलट बाजूने पाहा. इंग्रजीत एम आणि आर ही दोनच अक्षरं लिहून आपण ‘मिस्टर’ वाचतो, म्हणून ‘अ मिस्टर कुलकर्णी’. पण दवाखान्यात औषध कंपनीकडून येतो तो एमआर. अक्षरं तीच, उपपद मात्र ‘ॲन’. पूर्ण रूप जिथे खरोखर उच्चारलं जातं तिथेच त्याचा अधिकार चालतो.

इंग्रजीच्या 26 अक्षरांपैकी 12 अक्षरांची नावं स्वराने सुरू होतात, आणि त्यांतली आठ व्यंजनं आहेत : एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स. ‘यू’ हा स्वर असून त्याचं नाव ‘य’ने सुरू होतं. ही यादी पाठ करायची गरज मराठी वाचकाला नाही, कारण आपण लघुरूप देवनागरीत लिहितो तेव्हा उच्चारच लिहितो. ‘एफआयआर’, ‘एसएमएस’, ‘एनजीओ’ यांत सुरुवातीलाच स्वर दिसतो, म्हणून ‘ॲन’. ‘यूपीएससी’, ‘युनेस्को’, ‘नासा’ यांत व्यंजन, म्हणून ‘अ’. ‘एनजीओ’ आणि ‘नासा’ इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात हे देवनागरीत जाणवतही नाही. मात्र ही कसोटी इंग्रजी उच्चाराची आहे, आपल्या वळणाची नव्हे. एसटीला कोणी ‘यष्टी’ म्हणतो म्हणून तिच्यापुढे ‘अ’ येत नाही. आणि वर्षाच्या इंग्रजी शब्दाला आपण ‘इयर’ लिहितो म्हणून ‘ॲन इयर’ बरोबर ठरत नाही, कारण मूळ उच्चारात आरंभी ‘य’ आहे.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे : एकाच लघुरूपाचे दोन उच्चार रूढ असतील तर? संगणकावरच्या माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा कोणी ‘सीक्वेल’ म्हणतो, कोणी ‘एसक्यूएल’. पहिल्यापुढे ‘अ’, दुसऱ्यापुढे ‘ॲन’. आयर्लंडमध्ये ‘एच’ला ‘हेच’ म्हणतात, तिथे ‘एचआयव्ही’पुढेही ‘अ’ येतो. यामुळे नियम ढिला पडतो असं मला वाटत नाही. अशा जागी उपपद हीच वाचण्याची सूचना असते : पुढचा शब्द मी असा म्हणतो, तुम्हीही तसाच म्हणा. लेखकाने एक उच्चार निवडावा आणि लेख संपेपर्यंत तो सोडू नये.

आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांत याहून अवघड जागा येते ती रुपयाची. चिन्ह छापायचं आकड्याआधी, पण वाचायचं नंतर. 800 कोटींचा प्रकल्प म्हणजे इंग्रजीत ‘एट हंड्रेड क्रोर रुपी प्रोजेक्ट’, म्हणून तिथे ‘ॲन’. 500ची नोट असेल तर ‘फाइव्ह’मुळे ‘अ’. चिन्हावर नजर अडकली की 800पुढेही ‘अ’ लिहिला जातो. ‘रुपीज एट हंड्रेड क्रोर’ असं वाचणाऱ्याला तो चालेल. पण नामाआधी विशेषण म्हणून रक्कम आली की ते वाचन मला अडखळतं वाटतं, आणि मी आकड्याच्याच बाजूने कौल देतो. ‘द’ आता पुढच्या आठवड्यात.