आमटी अळणी का लागते?

सत्तरीतल्या माणसानं "आमटीत मीठच नाही" म्हटलं की स्वयंपाक करणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण बाकीच्यांना तीच आमटी बेताची लागलेली असते. मग म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असा निकाल लागतो. बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो.

जिभेवर, टाळूवर आणि घशात मिळून काही हजार स्वादकलिका असतात. त्यांतल्या पेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत मरतात आणि नव्या येतात. उतारवयात ही भरपाई मंदावते, पण सगळ्या चवी सारख्याच बोथट होत नाहीत. गोडाची जाण सहसा जास्त टिकते. खारटपणा मात्र पूर्वीइतक्याच मिठात कळेनासा होतो.

तरी दोष एकट्या जिभेचा नाही. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचा दाणा चावून पाहा: तिखटसर झणका कळेल, वेलदोडा कळणार नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 65 ते 80 वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वासाची क्षमता बरीच घटलेली आढळली. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण तीन चतुर्थांशांवर गेलं. ही घट इतकी हळू होते की ज्याची त्यालाही कळत नाही. आजोबांना वाटतं, हल्लीच्या भाज्यांनाच चव उरली नाही.

त्यात औषधांची भर. रक्तदाबावरच्या आणि मधुमेहावरच्या काही गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते. ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी लाळ आटते, आणि पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय स्वादकलिकांपर्यंत पोचतच नाही. जस्ताची कमतरता, हिरड्यांचे आजार आणि टाळू झाकणारी कवळी हीही कारणं असतात. म्हणून "तोंडाला चव नाही" ही तक्रार डॉक्टरांपुढे औषधांच्या यादीसकट मांडावी. मनानं गोळी बंद करू नये. चव अचानक गेली, तर ती वयाच्या खाती टाकू नये.

घरात सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे वरून मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि लोणचं-पापडातलं मीठही त्यातच धरायचं. सैंधवही मुख्यतः तेच मीठ आहे. पोटॅशियमवालं 'कमी सोडियम' मीठ तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोक्याचं ठरू शकतं. त्यापेक्षा लिंबू पिळावं, आमसूल घालावं, जिऱ्या-हिंगाची ताजी फोडणी वरून द्यावी. अन्न गरम वाढावं, म्हणजे वास उठतो. सगळं मऊ गिचका करून देण्याची घाई नको. दातांना झेपेल तेवढं काहीतरी कुरकुरीत पानात हवंच. चव गेली की भूक जाते, आणि भुकेपाठोपाठ वजन. वाढत्या वयात ते परत मिळवणं फार अवघड.

वासाची बाजू ताटापुरतीच नाही. नासलेलं दूध आणि विटलेली भाजी आपण नाकानंच ओळखतो. घरगुती गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं रसायन त्यात मुद्दाम मिसळतात. ज्या घरात वयस्क माणसं एकटी राहतात, तिथे तो वास कोणाच्या भरवशावर ओळखला जाणार? अशा स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र बसवावं, आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहून ठेवावी.