गाठ गेली, आता हृदय सांभाळावे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या खानदेशास गलगंड अपरिचित नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामुळे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले. गळ्याची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आणि थायरॉइडचा कर्करोग निघालाच, तरी बहुसंख्य रुग्ण उपचारांनी बरे होतात. मात्र त्यानंतर हृदयाकडे लक्ष देण्याचे बहुधा राहून जाते.

जळगाव-धुळ्याचे अनेक रुग्ण उपचारांसाठी मुंबई गाठतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून किरणोत्सारी आयोडीनचे कार्य चालते. या उपचारापूर्वी पुष्कळदा थायरॉइडची गोळी काही आठवडे थांबवतात. त्या काळात चयापचय मंदावतो, थकवा येतो, वजन व कोलेस्टेरॉल वाढते. गोळी पुन्हा सुरू होताच हे बदल बहुधा ओसरतात.

पुढे स्थिती उलटते. टीएसएच हे संप्रेरक उरलेल्या कर्करोगपेशींना उत्तेजन देते. म्हणून ते दबावे यासाठी गोळीची मात्रा वाढवली जाते. शरीरातील अतिरिक्त थायरॉइड संप्रेरकाने नाडी जलद होते, ठोके अनियमित पडू शकतात, त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. नेदरलँड्समधील ५२४ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराने मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीहून अधिक आढळला. टीएसएच जितके दबलेले, तितका धोका अधिक.

म्हणूनच सर्वांना एकच मात्रा योग्य नसते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार कमी जोखमीच्या, उपचारांस उत्तम प्रतिसाद दिलेल्या रुग्णाचे टीएसएच ०.५ ते २ दरम्यान राखणे पुरेसे असते. रोग शिल्लक असेल तर मात्र ते अधिक दाबावे लागते. तेव्हा प्रत्येक भेटीत डॉक्टरांस विचारावे : "माझे टीएसएच किती असावे? मात्रा आता कमी करता येईल का?" मात्र धडधड वाढली म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नये.

श्रावक-श्राविकांसाठी आणखी एक गोष्ट. नवकारशी पाळणाऱ्यांनी वेळ होताच आधी उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने करावा. कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. अठाईसारखी दीर्घ तपश्चर्या योजल्यास पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा ईसीजी आणि दुकानाच्या गादीवरून उठून रोजचे चालणे, एवढे पथ्य प्रत्येक घरास शक्य आहे.